कारण : ढगाळ हवामान

संपादकांचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या बाजारात दुधी निवडत होतो. ते म्हणाले, परब, तुम्ही सगळं आयुष्य कॅमेऱ्यांच्या संगतीत काढलंत, तर दिवाळी अंकासाठी छायाचित्रणातले अनुभव लिहा. मी म्हटलं, मी उभ्या आयुष्यात धड एक फोटो काढलेला नाही. मुलीच्या साखरपुड्यात हौसेने काढले, त्यात सगळ्या पाहुण्यांची पोटं आली आणि चेहरे बाहेर राहिले. त्यांना वाटलं, हा माझा विनय. विनयाचा आणि माझा काही संबंध नाही हे पुढच्या दोन पानांत त्यांच्या लक्षात येईलच.

माझं काम कॅमेऱ्याच्या जेवणाखाण्याचं. जिथे विजेची तार पोचत नाही तिथे एक खांब रोवायचा, खांबावर कॅमेरा, त्याच्या डोक्यावर सोलरची प्लेट आणि खाली पत्र्याच्या पेटीत बॅटरी. मुंबईत अशी तार न पोचलेली जागा उरली आहे का, असं पुण्याचे नातेवाईक विचारतात. आहे. बोरिवलीच्या मागचं जंगल आहे, गोरेगावच्या टेकड्या आहेत, मुलुंडपासून खाली ट्रॉम्बेपर्यंत मिठागरं आणि खाडीकाठची तिवरं आहेत. तिथे बिबटे, रोहित पक्षी आणि डेब्रिजचे ट्रक अशा तीन प्रकारच्या वन्यजीवांवर लक्ष ठेवावं लागतं. तिसरा प्रकार सर्वांत वेगाने वाढतो आहे.

सूर्य रोज डबा भरून देतो. कॅमेऱ्याने तो चोवीस तास पुरवायचा. माझी बावीस वर्षं तो डबा पुरवण्यात गेली. बाहेरच्या माणसाला वाटतं, फोटो काढायला वीज लागत असेल. फोटो काढायला शेंगदाण्याएवढी वीज लागते. तो फोटो मोबाइलच्या नेटवर्कवरून ऑफिसात धाडायला अख्खी थाळी लागते. आणि रेंज कमी असली की कॅमेरा टॉवरला हाका मारत बसतो, आणि त्या हाका मारण्यातच त्याचं पोट रिकामं होतं. म्हणून त्याला बहुतेक वेळ झोपवायचं. पंधरा मिनिटांनी उठवायचं, एक फोटो काढू द्यायचा, पुन्हा झोपवायचं. दिवसातून तीनदा सगळे फोटो बारीक करून एकदम पाठवायचे. आणि ऊन पडलंच नाही तरी दोन दिवस निघतील एवढी बेगमी बॅटरीत कायम ठेवायची. एवढं जमलं की या धंद्यातलं सगळं आलं.

हे सगळं मी साहेबांना दहा मिनिटं समजावून सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, लाइव्ह दिसेल ना?

साहेब म्हणजे आमचे बहुतेक कॅमेरे ज्या कार्यालयाने घेतले होते तिथले प्रमुख. कार्यालय कोणतं ते सांगत नाही. दर तीन वर्षांनी त्यांची बदली होई, नवे साहेब येत, पण लाइव्हचा प्रश्न जुनाच असे. म्हणून मी त्या सगळ्यांना मिळून एकच साहेब म्हणतो.

गोरेगावच्या टेकडीवर एका पाणवठ्याजवळ आम्ही बिबट्यासाठी कॅमेरा लावला होता. बिबट्या कुठून येतो आणि कधी जातो हे जवळच्या पाड्यातल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. साहेबांना ठाऊक नव्हतं, म्हणून कॅमेरा. एका रविवारी साहेबांचे सासू-सासरे नाशिकहून आले. साहेबांनी त्यांना मोबाइलवर जंगल लाइव्ह दाखवलं. दीड तास तिघांनी मिळून एक रिकामा पाणवठा पाहिला. शेवटी एक कुत्रा आला, पाणी प्यायला आणि गेला. हे बिबट्याचं पिल्लू का, असं सासूबाईंनी विचारलं म्हणे. दीड तास लाइव्ह म्हणजे कॅमेऱ्याची चार दिवसांची शिदोरी. संध्याकाळी सहाला तो उपाशीपोटी बंद पडला आणि सव्वासहाला बिबट्या त्याच पाणवठ्यावर आला. पाड्यातल्या सात जणांनी पाहिला. सोमवारी साहेबांनी मला बोलावून त्या वेळचा फोटो मागितला. मी म्हणणार होतो की, साहेब, तेव्हा कॅमेरा तुमच्या सासुरवाडीची सरबराई करून दमला होता. प्रत्यक्षात म्हणालो, तांत्रिक अडचण आली. नोकरीत मी बोललेलं आणि बोलायचं राहिलेलं यांचा हिशोब कायम असाच राहिला. तेव्हा त्याची मला गंमत वाटायची.

त्यानंतर मी लाइव्हचं बटण दिवसाला पाच मिनिटांवर आणून ठेवलं आणि साहेबांना सांगितलं की, बाकीचा वेळ कॅमेरा झोपतो. आठवड्याने आमच्या कंपनीला कार्यालयाचं पत्र आलं. आपण बसविलेले कॅमेरे कर्तव्यकाळात झोपत असल्याचे निदर्शनास आले असून, सात दिवसांत लेखी खुलासा करावा. मी खुलासा केला की, सदर कॅमेरे चोवीस तासांतून एकूण वीस मिनिटे जागे असतात व तेवढ्यात त्यांचे काम होते. हे वाक्य कार्यालयात फार मनाला लावून घेतलं गेलं. का ते माझ्या कधीच लक्षात आलं नाही. तेव्हापासून आमच्या कागदपत्रांत कॅमेरा झोपत नाही, तो निरीक्षण-विराम घेतो.

गिऱ्हाइकं सरकारीच विचित्र असतात असं नाही. बोरिवलीत जंगलाच्या भिंतीला लागून एक सोसायटी आहे. तिथल्या सेक्रेटरीबाईंना भिंतीवर कॅमेरा हवा होता, पण प्लेट नको होती, कारण ती बागेच्या शोभेला मारक होती. त्यांनी सुचवलं की, प्लेट आपण सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवू, तिथे चार ट्यूबलाइट रात्रंदिवस चालू असतात. मी विचारलं, बाई, ट्यूबलाइट चालू असतात म्हणजे हॉलमध्ये वीज आहे ना? त्या म्हणाल्या, आहे की. मग कॅमेऱ्याची वायर तिथेच जोडू या, असं मी म्हटल्यावर त्या नाराज झाल्या. सोसायटीच्या सभेत सोलरचा ठराव झाला होता, विजेचा नव्हता.

या धंद्याची खरी खोच मात्र सावलीत आहे. सोलरच्या प्लेटमध्ये छोट्या चौकोनांच्या ओळी असतात आणि सगळे चौकोन एकमेकांना साखळीसारखे जोडलेले असतात. एकावर सावली आली की तो मधली कडी अडवून धरतो आणि त्याच्या साखळीतले बाकीचे उन्हात असूनही ठप्प होतात. सगळ्यांत वाईट म्हणजे खालची आडवी ओळ झाकली जाणं. तिथे सगळ्या साखळ्यांचा एकेक चौकोन असतो, त्यामुळे चार बोटांच्या सावलीने अख्खी प्लेट उपाशी राहते. भांडुपच्या मिठागरात रोहित पक्ष्यांसाठी आम्ही कॅमेरा लावला, तेव्हा मैलभरात बसायला तो एकच खांब आहे हे बगळ्यांच्या आणि कावळ्यांच्या लगेच लक्षात आलं. अभ्यासक मंडळींना रोहित हवे होते. त्यांना महिनाभर काहीच मिळालं नाही, कारण प्लेटची खालची ओळ पांढरी झाली होती.

शिडी धरणारा आणि वायपर मारणारा माझा जोडीदार दिलीप. विक्रोळीचा. आम्ही अठरा वर्षं एका शिडीवर काढली, तो खाली आणि मी वर. सावलीचं हे शास्त्र मी त्याला पहिल्या दिवशी शिकवलं आणि दुसऱ्याच दिवशी एका प्लेटवर पिंपळाचं पान राहिलं म्हणून भर उन्हात अर्धा तास झापलं. आणखी एक नियम मी त्याला घोटून घोटून पाठ करून घेतला होता. बॅटरीचा आकडा पहाटे बघायचा, दुपारी बघायचा नाही. दुपारी थोडंफार ऊन येत असतं, त्याने आकडा फुगतो. रात्र काढून पहाटे जे उरतं तेच तिचं खरं.

हे एवढं सगळं ज्याला कळतं त्या माणसाने गेल्या दसऱ्याला काय केलं, ते आता सांगतो.

ट्रॉम्बेच्या अलीकडे खाडीकाठी एक कोळीवाडा आहे. तिथली यमुनामावशी साठीच्या पुढची, अंगाने किरकोळ, चालणं मात्र असं की आम्ही दोघे मागे राहायचो. वाड्यापासून अर्ध्या तासावर खाडीच्या एका वळणावर तिवरांचा पट्टा आहे. ओहोटीला ती तिथे उतरून लोखंडी आकडीने बिळातल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, काढायची. तिच्या आईनेही तिथेच काढल्या होत्या. त्या पट्ट्याला ती आमचं शेत म्हणायची. भरतीचं पाणी एका चिंचोळ्या तोंडातून आत यायचं आणि त्यावर ते शेत जगायचं. नेमक्या त्या तोंडाशी डेब्रिजचे ट्रक येऊ लागले. कुठेतरी जुन्या इमारती पडतात, त्यांची हाडं इथे आणून टाकायची. तोंड बुजलं की पाणी बंद, पाणी बंद की तिवरं वाळतात, आणि तिवरं वाळली की ती जमीन खाडी नव्हतीच असं कागदावर सिद्ध करायला माणसं तयारच असतात.

मावशीने तक्रार केली. कार्यालयाने पुरावा मागितला. ट्रकचा नंबर दिसेल असा फोटो हवा. तोवर मावशी आणि वाड्यातल्या तिघी जणी पाळीपाळीने तिथे ताडपत्री टाकून बसायच्या. चिखलातला रस्ता अंधारात दिसत नाही, म्हणून ट्रक दिवसाच येत, आणि बायका बसलेल्या दिसल्या की मागे फिरत. पण बसून राहायचं तर मासळी कधी विकायची? म्हणून कॅमेरा मंजूर झाला आणि मी व दिलीप खांब घेऊन तिथे गेलो.

त्या खांबाचा मला अभिमान होता. कोन असा साधला होता की ट्रक वळताना पुढची नंबरप्लेट बरोबर चौकटीत यावी. मावशी बाजूला उभी राहून बघत होती. तिने विचारलं, याला खायला काय? मी सांगितलं. ती म्हणाली, “म्हंजे ऊन खातो आन्‌ दमादमानं पुरवतो.” साहेबांना इतक्या वर्षांत जे उमगलं नव्हतं ते तिला एका वाक्यात उमगलं. मला इतकं बरं वाटलं की मी छाती काढून म्हणालो, “मावशी, आता तुम्ही बायका घरी जा. आजपासून हा बसलाय.”

हे वाक्य मी बोललो नसतो तर आज मी बगळ्यांचे आणि सेक्रेटरीबाईंचे किस्से सांगून मोकळा झालो असतो.

बायका घरी गेल्या. पावसाळाभर चिखलामुळे ट्रक आले नाहीत आणि कॅमेऱ्याने मन लावून ढग आणि बगळे टिपले. ऊन कमी म्हणून मी त्याची जाग कमी करून ठेवली होती. नवरात्र संपत आलं तेव्हा बॅटरी अर्धपोटी होती, पण ऑक्टोबरचं ऊन पडायला लागलं होतं. आठ दिवसांत भरेल, असा माझा अंदाज होता, आणि तो बरोबरही होता.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. टेस्टर, पक्कड, मीटर, शिडी. आणि आमच्या ताब्यातल्या प्रत्येक खांबाला कमरेशी झेंडूचा हार बांधतो. ही दिलीपची आणि माझी आपली प्रथा. त्या दिवशी खाडीवर पोचलो तर मावशी आधीच येऊन बसलेली. तिने स्वतः हार ओवून आणला होता, मनगटाएवढा जाड, मध्ये मध्ये आंब्याची पानं. मी तो खांबाच्या कमरेला बांधायला लागलो तर तिने हात धरला. “राखनदाराला कमरेला हार घालतात व्हय? वर घाला.”

आमच्या गावाकडे, मालवणात, गावाच्या वेशीवर राखणदार देव असतो. त्याच्या पायरीवरून जाताना मुंबईच्या गिरणीतून सुट्टीवर आलेले माझे वडीलही वहाणा काढायचे. मावशीचा हात माझ्या हातावर होता. मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर म्हणायचंच नव्हतं. माझ्या एका खांबाला कुणी राखणदार म्हणेल असं बावीस वर्षांत झालं नव्हतं. लाइव्ह दिसत नाही म्हणून शिव्या तेवढ्या खाल्ल्या होत्या. मी शिडी चढलो आणि प्लेटच्या दोन कोपऱ्यांना हार तोरणासारखा लावला. ओला हार जड होता, मध्ये झोळ पडून खालच्या ओळीवर टेकला.

खालून दिलीप म्हणाला, “अरे, प्लेटवर कुठे घालतोस? खालची अख्खी ओळ गेली.”

“परवा येऊन काढू रे. एका-दोन दिवसांनी काय वाट लागते?”

“तूच शिकवलंस ना मला?”

“मी शिकवलं ना? मग आता तू मला शिकवू नको.”

मी खाली उतरलो. मावशीने खांबाला हळदकुंकू लावलं, आम्हाला नारळाचा तुकडा दिला आणि तिघांनी हात जोडले.

दसऱ्याला आम्ही घरी श्रीखंड-पुरी केली. दुपारी हात धुऊन मी मोबाइलवर बॅटरीचा आकडा पाहिला. बरा होता. दुपारी पाहिला, कारण श्रीखंड दुपारी संपलं. दुसऱ्या दिवशी हार काढायला जायचं होतं, पण बहिणीकडे सोनं द्यायला अंधेरीला गेलो आणि राहिलो. पुढे शनिवार-रविवार लागून आले. फोटो येत नव्हते, पण सुट्टीत फोटो बघतो कोण? आणि बॅटरी एका मर्यादेखाली गेली की कॅमेरा स्वतःला वाचवायला नेटवर्क बंद करतो, म्हणजे मी मरतोय हे सांगायलाही तो वीज खर्च करत नाही. ही हुशारी त्याला मीच शिकवली होती.

सोमवारी सकाळी गेलो तर वळण ओळखू येईना. जिथून पाणी आत यायचं तिथे पुरुषभर उंचीचा ढिगारा होता. फुटक्या लाद्या, भिंतींचे लपके, न्हाणीघरातल्या निळ्या फरशीचे तुकडे, एक अख्खं कमोड. त्यावर बुलडोझर फिरवून सपाटही केलं होतं. कॅमेऱ्यातला शेवटचा फोटो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेचा होता. रिकामा रस्ता, आणि वरच्या कोपऱ्यात झेंडूच्या दोन पाकळ्या लोंबत होत्या.

हार प्लेटवर वाळून तपकिरी झाला होता. मी कुणी यायच्या आत शिडीवर चढून तो काढला, पिशवीत कोंबला आणि पिशवी गाडीत ठेवली. दिलीप शिडी धरून उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

कॅमेरा बंद पडला की संगणकावर अहवाल भरायचा असतो. कारण या रकान्यात यादी उघडते. चोरी, तोडफोड, पक्षी, ढगाळ हवामान, इतर. इतर निवडलं तर खाली कोरी चौकट येते आणि काहीतरी लिहावं लागतं. माझ्या निवृत्तीला पाच महिने होते. मी ढगाळ हवामान निवडलं. साहेब खूश झाले, कारण हवामानाकडून खुलासा मागवावा लागत नाही. आठवड्याभरात मावशीच्या तक्रारीवर शेरा पडला. नैसर्गिक कारणामुळे पुरावा उपलब्ध नाही, सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. त्याची प्रत मावशीला गेली आणि तिच्या सुनेने ती वाचून दाखवली.

मावशी दिलीपकडून पत्ता घेऊन मुलुंडला आमच्या घरी आली. माझ्या बायकोने पाणी दिलं. मावशी खुर्चीत बसली, पिशवीतून वर्तमानपत्राचं पुडकं काढून माझ्यासमोर टीपॉयवर ठेवलं आणि सोडलं. आत जवळा होता. बारीक कोलंबीसारखा असतो तो, खाडीकाठी जमिनीवर पसरून उन्हात सुकवतात.

ती म्हणाली, “ढग होतं म्हनून लिवलंय ना तुमी?”

मी पुडक्याचा सुटलेला दोरा गुंडाळायला लागलो.

“दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी आमच्या होड्यांना लय जवला गावला. चार दिस अंगनात पसरून मी राखत बसले व्हते, कावले हाकत. तिकडं गेले नाय. तुमचा क्यामेरा बसलाय म्हनून गेले नाय.” तिने चिमूटभर जवळा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. “ह्यो त्याच चार दिसांचा हाय. चावून बघा. कुटं नरम लागला तर सांगा.”

मी तो चावला नाही. चावायची गरज नव्हती, तळहातावरच तो काचेसारखा मोडत होता. मावशी उठली, माझ्या बायकोला येते म्हणाली आणि गेली. तिने आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. मी तिला पावसाळ्यात बॅटरी कशी उतरते ते समजावून सांगितलं असतं आणि तेही सगळं खरंच असतं.

बायको कणकवलीची. तिने सगळं ऐकलं होतं. दुपारी तिने कांदा, कोकम घालून जवळा केला, माझ्या ताटात वाढला आणि एवढंच म्हणाली, “जेवा. ढगाळ हवेतलो आसा.”

मला लाज वाटली. या लेखात सगळ्यांची टर उडवून झाल्यावर हे वाक्य लिहिणं जड जातं, पण त्या वेळी जे वाटलं त्याला दुसरा शब्द नाही. मी ताटावरून उठलो नाही. सगळा जवळा खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी दुसरा अहवाल लिहिला. संगणकावर नाही, साध्या कागदावर, हाताने. त्यात लिहिलं की, दसरा आणि त्यानंतरचे चार दिवस कडक ऊन होतं. कॅमेरा बंद पडण्याचं कारण हवामान नाही. प्लेटवर मी स्वतःच्या हाताने हार घातला, जोडीदाराने सांगूनही काढला नाही, आणि नंतर तो लपवला. म्हणून तक्रार निकाली काढू नये.

साहेबांनी तो दोनदा वाचला. ते म्हणाले, अहो परब, यादीत हार नाही. मी म्हटलं, इतर आहे. ते म्हणाले, पाच महिने राहिलेत, कशाला? मी म्हटलं, आवक शिक्का मारून द्या. लाइव्हच्या गोष्टीपासून त्या दिवसापर्यंत साहेबांसमोर मनातलं वाक्य तसंच्या तसं तोंडातून बाहेर पडण्याची ही पहिलीच वेळ. शिक्का मिळाला. कंपनीने मला खांबांवरून उतरवून गोडाऊनमध्ये बसवलं आणि उरलेले पाच महिने मी नटबोल्टांचे डबे लावले. दिलीप जेवणाच्या सुट्टीत यायचा. एकदा म्हणाला, “अठरा वर्षांत एकदा तरी माझं खरं मानलंस रे.” मावशीची फाइल पुन्हा उघडली. सुनावणी लागली, पुढची तारीख पडली, तिच्या पुढचीही पडली.

फाइल उघडल्याचं पत्र हातात पडलं त्या दिवशी मी भलताच खुशीत होतो. आपण काहीतरी केलं असं वाटत होतं. ते पत्र घेऊन मी एकटाच खाडीवर गेलो. बायका पुन्हा ताडपत्री टाकून पाळीपाळीने बसायला लागल्या होत्या, त्या दुपारी मावशीची पाळी होती. मी तिला माझा अहवाल वाचून दाखवला, मग कार्यालयाचं पत्र वाचून दाखवलं, संदर्भ क्रमांकासकट. तिने दोन्ही कागद हातात घेऊन शिक्का निरखून पाहिला आणि परत दिले.

“बरं केलंत,” ती म्हणाली. “मंग आता पानी आत येल काय?”

भरती सुरू झाली होती. आम्ही दोघं ढिगाऱ्यावर उभे राहून बघत होतो. पाणी वळणावरून आलं, लाद्यांच्या तुकड्यांपर्यंत चढलं आणि तिथेच थांबलं.